काकवीतला वाइस

सांगलीच्या विश्रामबागेत कुणी नुसतं ‘सर’ अशी हाक मारली, तर रस्त्यावरचे निम्मे लोक मागे वळून बघतात. एका अंगाला १९१९ सालचं विलिंग्डन महाविद्यालय, दुसऱ्या अंगाला धोंडूमामा साठ्यांनी १९४७ साली सुरू केलेलं आणि पुढे वालचंदांचं नाव लागलेलं अभियांत्रिकी महाविद्यालय, आणि जरा पलीकडे कुपवाडची एमआयडीसी. या तिन्ही ठिकाणांहून निवृत्त झालेली माणसं आमच्याच कॉलन्यांत राहतात. निवृत्तीनंतर ती आधी चारधाम करतात, मग गुडघे दाखवून येतात आणि तेही झालं की बंगल्याच्या मागे पत्र्याची शेड टाकून तिला ‘वर्कशॉप’ म्हणू लागतात. घरातली बाकीची माणसं तिला अडगळ म्हणतात. दोन्ही नावं बरोबर असतात.

या वर्कशॉपांत तयार काय होतं, असं विचारायचं नसतं. नवीन वस्तू करायची तर ड्रॉइंग लागतं, माल लागतो, आणि मुख्य म्हणजे ती वस्तू कुणाला तरी हवी असावी लागते. गंज काढायला यातलं काही लागत नाही. गंजलेली वस्तू प्रत्येक घरात असते, ती कुणालाच नको असते, आणि तिचं पुढे काय करायचं हे ठरलेलं नसल्यामुळे काम वेळेत संपवा म्हणून कुणी मागे लागत नाही. तेव्हा रविवारी सकाळी आमच्या गल्लीत जी खरखर ऐकू येते ती बहुतेक गंजाचीच. किल्ली हरवलेलं कुलूप, आजोबांचा अडकित्ता, मुलगा अमेरिकेला गेल्यापासून भिंतीला टेकून उभी असलेली सायकल, आणि इंजिनिअरच्या घरात हमखास सापडणारा ‘जॉब’.

जॉबबद्दल थोडं सांगायला हवं. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला फिटिंग शॉपमध्ये पोराच्या हातात माइल्ड स्टीलचा एक ओबडधोबड तुकडा आणि एक कानस देतात. तो तुकडा वाइसमध्ये धरून घासायचा, घासायचा आणि चारी बाजू काटकोनात आणायच्या. मग इन्स्ट्रक्टर गुण्या लावून तो उजेडासमोर धरतो. फटीतून उजेड दिसला की पुन्हा वाइसपाशी. पुढे याच पोराने पूल बांधलेले असतात, साखर कारखान्याचे बॉयलर उभे केलेले असतात, पण घरात जपून ठेवलेला असतो तो हा तळहाताएवढा, कुठेही न बसणारा तुकडा. त्याचा उपयोग शून्य. फेकवत मात्र नाही. दर पावसाळ्यात तो गंजतो आणि दर दिवाळीला त्याचा मालक त्याला पॉलिशपेपर मारून पुन्हा कपाटात ठेवतो. गणपतीच्या मूर्तीलाही इतक्या नेमाने कुणी न्हाऊमाखू घालत नसेल.

आता गंज काढायचा कसा, यावर आमच्याकडे एकमत नाही, आणि मतभेद ज्याच्या त्याच्या नोकरीबरहुकूम आहेत. कुपवाडहून निवृत्त झालेले फोरमन रॉकेल आणि हातोडी यांपलीकडे काही मानत नाहीत. “रात्रभर रॉकेल पाजायचं, सकाळी दोन टोले हाणायचे. निघतंय की.” निघतंही. कधी नट निघतो, कधी बोल्टाचं डोकं. विलिंग्डनमध्ये आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेले सर लिंबूसत्त्वाचे. किराणा दुकानातून पुडी आणायची, कोमट पाण्यात विरघळवायची, वस्तू बुडवायची आणि घड्याळ लावून बसायचं. घड्याळ महत्त्वाचं, कारण आम्ल आधी गंज खातं आणि गंज संपला म्हणून जेवणावरून उठत नाही, खालचं लोखंडही खायला घेतं. आणि स्प्रिंगा आम्लात घालायच्या नाहीत, हे सर प्रत्येकाला प्रत्येक वेळी बजावतात. आम्लातून सुटलेला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि वरून ठणठणीत दिसणारी स्प्रिंग पुढे कधीतरी पटकन मोडते.

तिसरे आमचे शेजारी, वालचंदचे. त्यांचा विश्वास विजेवर. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, पाण्यात चमचा-दोन चमचे धुण्याचा सोडा, एक जुना बारा व्होल्टचा बॅटरी चार्जर आणि गंजलेल्या वस्तूसमोर एक टाकाऊ लोखंडी पट्टी. वस्तूला ऋण टोक, पट्टीला धन. बटण दाबलं की वस्तूच्या अंगावरून बारीक बुडबुडे निघू लागतात आणि गंज सुटा होऊन तवंगासारखा वर येतो. उलटं जोडलं तर पट्टी चकचकीत होते आणि वस्तू झिजते, म्हणून सर दर खेपेला मोठ्याने म्हणून घेतात, “जॉबला मायनस, जॉबला मायनस.” सोड्याऐवजी मीठ टाकायचं नाही, क्लोरीन सुटतो. पट्टी स्टेनलेस स्टीलची घ्यायची नाही, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. आणि बुडबुडे हायड्रोजनचे असल्यामुळे बादली अंगणात, जवळ काडी ओढायची नाही. शेजारच्या काकूंनी एवढं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग हे सगळं एका अडकित्त्यासाठी?”

चौथा पंथ ग्राइंडरवाल्यांचा. त्याच्याबद्दल मला चांगलं बोलता येणार नाही. ग्राइंडरला वायर ब्रशचं चाक लावून गंज काढणं म्हणजे पाच मिनिटांत वस्तू नवी करणं, असं ते म्हणतात. नवी होते हे खरं, पण तिच्यावरची अक्षरं, आकडे, जुन्या हातोडीच्या खुणा, सगळं घेऊन ठिणग्या उडतात. जुनी वस्तू नवी दिसायला लागली की ती ना जुनी राहते ना नवी होते.

पंथ कुठलाही असो, गंजाची चर्चा सुरू झाली की चहा येण्याच्या आत ती दिल्लीच्या लोहस्तंभापाशी पोचते. दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळातला, सहा टनांहून जड, सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आणि तरी शाबूत. मग कुणीतरी ‘आपल्या पूर्वजांना’ असं वाक्य सुरू करतो. रसायनशास्त्राचे सर ते वाक्य पुरं होऊ देत नाहीत. कानपूरच्या आयआयटीतले बालसुब्रमण्यम यांनी त्या स्तंभाचा बारकाईने अभ्यास केला. कोळशाच्या भट्टीतल्या त्या लोखंडात फॉस्फरस जास्त राहिला होता आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ, घट्ट थर बसला, तो थर पुढचा गंज अडवतो. म्हणजे स्तंभ गंजला नाही असं नाही, तो एकदाच नीट गंजला आणि थांबला. हे ऐकून फोरमनना फार बरं वाटतं. ते म्हणतात, आमच्या कंपनीत अशी बरीच माणसं होती.

मला स्वतःला गंजाबद्दल राग येत नाही, याचं कारण कासच्या पठारावर आणि महाबळेश्वरात सापडतं. पावसाळ्यात तिकडून परतलेल्या माणसाच्या बुटांना जो तांबडा चिखल लागलेला असतो, तो लाल दिसतो तो लोखंडाच्या ऑक्साइडमुळेच. पन्हाळ्याचा जांभाही त्यामुळेच तांबडा. लोखंड जमिनीत सापडतं ते असं, प्राणवायूला धरून. माणूस कोळसा जाळून, भट्टी पेटवून त्याला त्यातून ओढून काढतो, नांगर करतो, खिडकीचे गज करतो. पाणी आणि हवा मिळाली की ते पुन्हा आपल्या मूळ संगतीत जायला निघतं. आपण शेडमध्ये बसून त्याला अजून जरा थांब म्हणतो, इतकंच. आणि त्यातली गंमत पुढेच आहे. तास न् तास घासून गंज काढला, वस्तू कोरडी केली, की हार्डवेअरच्या दुकानातून आपण काय आणतो? रेडऑक्साइड. तो डबा उघडला की आत असतो तोच लोखंडाचा ऑक्साइड, तेलात कालवलेला. खिडकीच्या गजांवरचा तांबडेपणा खरवडायचा आणि विकतचा तांबडेपणा ब्रशने फासायचा, यासाठी आपण रविवार घालवतो. दुकानदाराला मी हे एकदा समजावून सांगितलं. त्याने शांतपणे विचारलं, “अर्धा लिटर देऊ का एक?”

या भागात लोखंडाशी माणसाचं भांडण तसं जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमिनीत विष उतरतं, अशी समजूत होती. पुढे १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, इथून मिरज-पुणे रेल्वेने थोड्याच अंतरावर, आणि तोच नांगर घरोघर गेला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा नांगरांसाठी वितळवायला दिल्या. या तोफांवर किती पिढ्यांचा गंज चढलेला असेल! पण तो खरवडत बसण्याची गरज नव्हती. भट्टी हा गंजावरचा सगळ्यात सरळ उपाय, तिच्यात गंजाचंही पुन्हा लोखंड होतं. आणि नांगराच्या फाळाला तर दुसराच उपाय ठाऊक आहे. नांगरट चालू असेतो माती त्याला घासून आरशासारखा ठेवते, औत सुटून तो गोठ्याच्या कोपऱ्यात गेला की आठवड्यात तांबडा पडतो. निवृत्त लोकांसमोर हे उदाहरण मी देत नाही.

दोन्ही उपाय माझ्या शेडमध्ये बसणारे नव्हते. माझ्याकडे होता एक वाइस. शंभरफुटी रस्त्याकडच्या एका भंगारवाल्याकडून तो मी किलोवर घेतला, तेव्हा त्याचा जबडा मिटलेला होता आणि हँडल जागचं हलत नव्हतं. “नुसतं तेल सोडा सायेब, फिरतोय बघा,” असं सांगून त्याने वजन केलं, गंजासकट. गंज ज्या लोखंडाचा होतो त्याहून कितीतरी जास्त जागा खातो. म्हणून जाम झालेला नट खरं तर सैल पडलेला नसतो, आत फुगून बसलेला असतो आणि त्याला पिळून काढायला गेलं की आटे सोबत येतात. तेल सोडून वाइस फिरला नाही. चारी पंथांची शिष्टमंडळं येऊन गेली. फोरमननी हातोडी मागितली, ती मी दिली नाही. बिडाची वस्तू, टोल्याने वाकत नाही, तुटते.

शेवटी जे केलं ते ऊसवाल्या मुलखात राहून आधी कसं सुचलं नाही, असं वाटण्यासारखं होतं. साखरेची मळी पाण्यात कालवून त्यात लोखंड भिजत ठेवलं तर गंज सुटतो, ही जगभरच्या जुन्या मोटारी दुरुस्त करणाऱ्यांची ठरलेली रीत आहे. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, आणि दोन-तीन आठवडे विसरून जायचं. तिच्यातली आम्लं गंजातल्या लोखंडाला धरून पाण्यात नेतात, चांगल्या लोखंडाच्या वाटेला फारशी जात नाहीत. जस्त आणि ॲल्युमिनियम मात्र खातात, तेव्हा ते बाहेर ठेवायचं. आता सांगली जिल्ह्यात मळीला काय तोटा? पण कारखान्याची मळी अशी डबा घेऊन गेलं की मिळत नाही. तिच्यापासून दारू होते म्हणून तिच्यावर उत्पादन शुल्क खात्याची नजर असते. राहिली गुऱ्हाळाची काकवी.

गुऱ्हाळवाल्याने डबा घेतला आणि आपुलकीने विचारलं, “भाकरीसंगं खायला?”

“नाही, वाइस बुडवायला.”

त्याने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग भरलेला डबा पुन्हा ओतला आणि म्हणाला, “मग खालची घ्या की पाव्हणं. गाळाची.”

घरी यापेक्षा अवघड गेलं. थालीपिठाबरोबर खायची वस्तू गंजलेल्या लोखंडावर ओतायची, हे ज्या घरात ताटात शीत टाकू देत नाहीत त्या घरात पटवायचं कसं? “लोखंडाला गोड लागतं होय?” असं विचारून बायकोने आधी आपल्यासाठी एक बरणी भरून काढून घेतली आणि मगच डबा माझ्या ताब्यात दिला.

वाइस बुडाला आणि मग काहीच करायचं नव्हतं. हाच या रीतीचा कठीण भाग. रॉकेल असलं की पुसता येतं, वीज असली की टोकं तपासता येतात, लिंबूसत्त्व असलं की घड्याळ बघता येतं. काकवीपुढे हात बांधून बसावं लागतं. आमच्या कॉलनीतल्या कुणालाही आयुष्यात थांबण्याचा पगार मिळालेला नाही. प्रत्येक जण सकाळच्या फेरीत येऊन झाकण उघडून बघायचा, काडीने ढवळायचा आणि म्हणायचा, “अजून नाही.” वालचंदच्या सरांनी तर ‘नुसती एक तार सोडून बघू’ म्हणून चार्जर आणायची तयारी दाखवली. पाचव्या-सहाव्या दिवशी बादली फसफसू लागली. आंबूस वास कुंपण ओलांडून गेला आणि गल्लीच्या तोंडाशी राहणारे निवृत्त एक्साइजवाले फिरायला जाता जाता आमच्या फाटकाशी थबकले.

“काय भिजत घातलंय?”

“वाइस आहे. गंज काढतोय.”

“असं का,” ते म्हणाले. “नोकरीत यापेक्षा साधी कारणं ऐकली आहेत मी.”

बादली भरलेली असताना रिकाम्या वेळात मला २०१९ चा ऑगस्ट आठवायचा. आयर्विन पुलापाशी इशारा ४० फुटांना, धोका ४५ ला, आणि कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढलेली. गावभागातली माणसं इकडे विश्रामबागेच्या बाजूला नातेवाइकांकडे आली. पाणी ओसरल्यावर घरं धुतली गेली, आणि मग इकडच्या शेडांमध्ये सामान येऊ लागलं. मोटारी, कुलपं, कपाटांच्या बिजागऱ्या, दुचाकींची चाकं, सगळ्यात गाळ. त्या वेळी पंथ उरले नव्हते. आधी स्वच्छ पाण्याने धुवायचं, हे लोकांना पटत नसे, भिजलेल्या वस्तूवर पुन्हा पाणी कशाला? पण गाळ आत राहिला तर तो ओल धरून ठेवतो आणि गंज आतून चालू राहतो. धुवायचं, उन्हात आणि हवेवर सुकवायचं, तेल पाजायचं. ऊनच नव्हतं, म्हणून केस वाळवायचा ड्रायर. नात्यातल्या एका मावशीचं काळं शिवणयंत्र होतं, वर सोनेरी वेलबुट्टी. रसायनशास्त्राच्या सरांनी ते कुणाला घासू दिलं नाही. कापसाच्या बोळ्याला तेल लावून ते स्वतः ती वेलबुट्टी चुकवत पुसत होते, आणि फोरमन खालची चाकं खोलून देत होते. यंत्र चालू झाल्यावर मावशींनी पहिल्यांदा शिवल्या त्या उशांच्या खोळी. घरातल्या सगळ्या गाद्या-उशा टाकून द्याव्या लागल्या होत्या.

काकवीने तिचं काम वेळेवर केलं. वाइस वर काढला तेव्हा त्याच्या अंगावर काळपट लगदा होता. पाइपचं पाणी मारलं की तो ओघळून खाली आणि आत राखाडी, मऊसर बीड. इथे घाई हवी. धुतलेलं कोरं लोखंड हवेत ठेवलं की टॉवेल शोधून आणेपर्यंत त्याच्यावर पिवळी झाक येते. म्हणून टॉवेल आधीच खांद्यावर, ड्रायर लावलेला, तेलाची वाटी शेजारी. ज्यांना रंग द्यायचा नाही त्यांच्यासाठी आणखी एक जुनी सोय आहे, हिरड्याचा काढा. हिरड्यातलं टॅनिन उरल्यासुरल्या गंजाशी जुळून काळंनिळं होतं आणि तसंच बसून राहतं. हिराकस आणि हिरडा घालून शाई करत, त्यातलाच हा खेळ. संग्रहालयात जुन्या लोखंडी वस्तूंनाही टॅनिक ॲसिडचा हात देतात. मी वाइसच्या फटींमध्ये तोच काढा कुंचल्याने सोडला. बाहेरच्या बाजूला फक्त तेल. चकाकी आणायच्या आधी थांबायचं होतं.

हँडलवर हात ठेवला तेव्हा अख्खं शिष्टमंडळ भोवती होतं. ते फिरलं. जबडा उघडला. फोरमन म्हणाले, हातोडीनेही झालं असतं.

मग सगळे अक्षरं शोधू लागले. बिडाच्या जुन्या वाइसवर कारखान्याचं नाव ओतलेलं असतं. कुणाचं म्हणणं शेफील्ड निघणार, कुणाचं किर्लोस्कर. चष्मे बदलले गेले, टॉर्च आला. नावाच्या जागी ग्राइंडरचे आडवे ओरखडे होते, कुण्या पूर्वीच्या मालकाने पाच मिनिटांत वाइस नवा केला होता. खाली कोपऱ्यात ४ एवढाच आकडा शाबूत होता. जबडा चार इंची आहे, ही माहिती. ती मोजपट्टीनेही मिळाली असती, असं आमच्या मुलीने सांगितलं.

उरलेलं काकवीचं पाणी नारळाच्या मुळाशी ओतलं. आळ्यात दोन दिवस मुंग्यांची जत्रा होती. वाइस टेबलाला चार बोल्टांनी बसवला, आणि बसवल्यावर लक्षात आलं की त्याच्यात धरायला माझ्याकडे काही नाही. पण बातमी एव्हाना गल्लीत पोचली होती. वालचंदचे सर आपला पहिल्या वर्षाचा जॉब घेऊन आले, एका बाजूला अजून उजेड दिसतो, तेवढं काढायचं म्हणाले. कानस घेऊन ते उभे राहतात न राहतात तोच काकू आत आल्या, हातात विळी. जॉब बाजूला ठेवला गेला आणि विळीचं पातं जबड्यात आवळलं.

“धार तेवढी काढ रे,” काकू म्हणाल्या. “काकवीत घालू नकोस हिला. मला यावर कांदा चिरायचाय.”